घरच्या मेपल सिरपसाठी छोटा इव्हॅपोरेटर (रस आटवायची भट्टी आणि पॅन): विकत घ्यावा की स्वतः बांधावा?

उत्तरवारा:
नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत व्हरमाँटला असतो, घरामागे शुगर मेपलची जुनी झाडं आहेत आणि यंदा २० टॅप (झाडातून सॅप, म्हणजे गोडसर रस, काढायच्या तोट्या) लावायचं ठरवलंय. मागच्या सीझनला थोडेच टॅप होते, टर्की फ्रायरच्या प्रोपेन बर्नरवर मोठं पातेलं चढवून आटवलं, सिरप अप्रतिम झालं पण सिलिंडर एकामागून एक संपत होते आणि पातेलं काही आटायचं नाव घेत नव्हतं. आता टाउन मीटिंग डेच्या आत (मार्चचा पहिला मंगळवार, इथले जुने लोक तोच मुहूर्त धरतात, हल्ली सॅप त्याच्याही आधी सुरू होतो) लाकडावर चालणारं काहीतरी उभं करायचंय.

डोक्यात तीन पर्याय आहेत. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची भट्टी आणि वर केटरिंगवाले वापरतात ते स्टीम टेबल पॅन, नाहीतर ५५ गॅलनचा लोखंडी ड्रम आडवा कापून, नाहीतर सरळ २ बाय ३ फुटांचा रेडीमेड, आत पडदे घातलेला पॅन असतो तो. आणि शेजारच्या आजोबांनी त्यांच्या कोठारातला एक जुना पॅन देऊ केलाय, पत्र्याचा आहे, सांध्यांना डाख लावलेला दिसतो, तो घ्यावा का? २० टॅपला किती मोठं लागेल तेच मला नीट कळत नाहीये.

साखरमळा:
दादा, आधी एक गोष्ट पक्की करा, पॅनमध्ये किती मावतं ते बघू नका, तळ किती पसरट आहे ते बघा. उष्णता तळातून शिरते आणि वाफ वरच्या पसरट भागातून निघते, म्हणून तुमचं उंच पातेलं इतकं रडवत होतं. सपाट पॅनला चांगल्या जाळावर तासाला दर चौरस फुटामागे साधारण १ गॅलन पाणी उडतं असं धरून चाला, घरी बांधलेल्या भट्टीत त्याहून थोडं कमीच.

आता तुमचा हिशोब. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असा दिवस लागला की एका टॅपला १ ते दीड गॅलन सॅप सहज मिळतो, म्हणजे २० टॅपचे २० ते ३० गॅलन एका दिवसात येऊन पडणार. फुल साइझचे स्टीम टेबल पॅन १२ बाय २० इंची असतात, तीन मिळून ५ चौरस फूट. तासाला ४ गॅलन उडाले तरी २५ गॅलनला सहा तास, दुपारी पेटवलं तर झोपायच्या आत काम उरकतं. २ बाय ३ म्हणजे ६ चौरस फूट, फार मोठा फरक नाही. त्यामुळे २० टॅपवरच थांबणार असाल तर माझ्या मते ब्लॉकची भट्टी पुरेशी आहे, पुढे ५० टॅपपर्यंत जायचं मनात असेल तरच रेडीमेडला हात घाला, पण तेव्हा २ बाय ४ च्या खाली घेऊ नका.

एक लक्षात घ्या, गुऱ्हाळात उसाच्या रसात १५ ते २० टक्के साखर असते, इथे सॅपमध्ये जेमतेम २ टक्के. ८६ ला साखरेच्या टक्क्यांनी भागा, तितके गॅलन सॅप एक गॅलन सिरपला लागतात, म्हणजे २ टक्क्यांना ४३. एक गॅलनसाठी ४२ गॅलन पाणी हवेत घालवायचं म्हटल्यावर खेळ सगळा जळणाचा. उघड्या बर्नरवर निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते, तेवढ्याला २० पौंडी दोन सिलिंडर तरी जातातच, तुमचा अनुभव बरोबर आहे.

ठिणगी_वेल्डर:
वरच्यांनी हिशोब सांगितला, मी भट्टीचं सांगतो कारण पॅन कितीही चांगला असला तरी खाली जाळ नीट नसेल तर काही उपयोग नाही. लोक ब्लॉक रचतात, खाली लाकडं पेटवतात, मागे धुराडं लावतात आणि म्हणतात उकळत का नाही, तर उकळणार कसं, जाळ पॅनला न शिवता सरळ पाइपातून वर निघून जातो. पुढच्या पॅनखाली लोखंडी जाळी टाका, जाळीपासून पॅनच्या तळापर्यंत १० ते १२ इंच जागा ठेवा, आणि जाळी संपली की मागे वाळू किंवा विटा भरून जमीन चढती करत न्या इतकी की मागच्या पॅनच्या तळाखाली दीड-दोन इंचच फट राहील. त्या फटीतून ज्वाळा तळाला चाटत जाते, मागचा पॅनही पुढच्यासारखाच खळखळतो. हा चढ नसेल तर मागचे दोन पॅन नुसते कोमट राहतात.

हवा जाळीच्या खालून द्या, वरून नाही. राखेच्या तोंडाशी छोटा ब्लोअर लावला आणि लाकडं टाकायचं दार घट्ट बंद केलं तर उकळीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. धुराड्याची उंची भट्टीच्या लांबीच्या दुप्पट असू द्या, ४ फुटांची भट्टी तर ८ फूट पाइप. आतून फायरब्रिक लावा, नुसते सिमेंटचे ब्लॉक उष्णतेने तडकतात. पॅन आणि ब्लॉकच्या मधली फट सिरॅमिक फायबरच्या पट्टीने बुजवा नाहीतर धूर वर येऊन सॅपमध्ये उतरतो.

लाकूड वाळलेलं आणि बारीक फोडलेलं, मनगटाएवढं जाड, बस. मोठे ओंडके रात्री शेकोटीला ठेवा. दर सात-आठ मिनिटांनी थोडी थोडी टाकायची, एकदम भरून टाकली की जाळ दबतो आणि उकळी बसते, ती परत यायला वेळ जातो.

ड्रमचं म्हणाल तर तोही चालतो, पण गोल पोटामुळे जाळ पॅनपासून लांब राहतो, आत विटा रचून तळ वर घ्यावा लागतो. आणि आधी त्यात काय भरलेलं होतं ते माहीत नसेल तर कापू नका, आत तेलाची किंवा केमिकलची वाफ राहिलेली असते, ठिणगी लागली की स्फोट होतो.

थंडीतली_मंजू:
आजोबांचा पॅन घेऊ नका. त्यांना वाईट वाटेल, तर कोठारात शोभेला टांगू म्हणून आणा, पण त्यात सॅप उकळू नका. जुन्या पॅनच्या डाखात शिसं असायचं, सॅप किंचित आंबट असतो आणि आपण त्याला चाळीस पट आटवतो, उतरलेलं शिसंही तितकंच दाट होत जातं. घरात लहान मुलं असतील तर हा विषय इथेच संपला. जस्ताचा पत्राही नको. स्टेनलेस स्टील, आणि सांधे असतील तर टिग वेल्डिंग केलेले.

अजून एक, भट्टी बांधायच्या आधी छोट्या रिव्हर्स ऑस्मोसिस किटचा (मेंब्रेन म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी वेगळं काढणारं) विचार करा. २ टक्क्यांचा सॅप ४ टक्क्यांवर आणला की निम्मं पाणी उकळायच्या आधीच गेलेलं असतं, लाकूड निम्मं, वेळ निम्मा. फक्त मेंब्रेन गोठू द्यायचा नाही, गोठला की फुटतो, म्हणून रात्री घरात आणून ठेवायचा.

उत्तरवारा:
वा, मनापासून आभार सगळ्यांचे. जुना पॅन बाद, ब्लॉकची भट्टी आणि तीन स्टीम पॅन नक्की करतो. दोन शंका आहेत. थंड सॅप सारखा ओतत राहिलं तर उकळी बसेल ना? आणि शेवटचं सिरपही तिथेच जाळावर करायचं का? गॅरेजमध्ये केलं तर चालेल का तेही सांगा.

साखरमळा:
गॅरेजमध्ये अजिबात नको, लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि दिवसभरात २५ गॅलन पाण्याची वाफ छताला लागली की सगळीकडून गळायला लागतं. मोकळ्यावर करा, वर पाऊस-बर्फाला नुसतं छप्पर पुरे, बाजू उघड्या.

थंड सॅपचं म्हणाल तर तीन पॅन आहेत त्याचा फायदा घ्या. मागच्या पॅनमध्ये, धुराड्याच्या बाजूला, कच्चा सॅप ओता, तिथे तो तापतो, मग उलथन्यासारख्या लांब दांड्याच्या डावाने उकळता सॅप पुढच्यात, तिथून सगळ्यात पुढच्यात. पुढचा पॅन हळूहळू सोनेरी होत जातो, मागचा पाण्यासारखाच राहतो. मागच्या पॅनच्या वर एक छोटं भांडं टेकवून त्याला बारीक नळ लावला तर सॅप आधीच गरम होऊन थेंब थेंब पडत राहतो, उकळी मोडत नाही. प्रत्येक पॅनमध्ये दीड ते दोन इंच पातळी ठेवा, एक इंचाच्या खाली गेलं की करपायला क्षणही लागत नाही. फेस वर आला तर लोण्याचा एक ठिपका टाका, लगेच बसतो, कोणाला दुधाची ॲलर्जी असेल तर सूर्यफुलाच्या तेलाचा थेंब.

थंडीतली_मंजू:
शेवटचं काम घरात गॅसवर करा, बाहेरच्या जाळावर ताबा राहत नाही. पुढच्या पॅनमधला माल २१६ फॅरनहाइटच्या आसपास गेला की काढून आत आणा. सिरप पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ७ अंश वर होतं, म्हणजे समुद्रसपाटीला २१९. पण तुम्ही डोंगरावर असाल तर दर ५०० फुटांना साधारण १ अंश कमी, आणि हवेचा दाब बदलला की पाण्याची उकळीही बदलते, म्हणून त्या दिवशी आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर बघा आणि त्यात ७ मिळवा. खात्री हायड्रोमीटरनेच (दाटपणा मोजायची तरंगती नळी) करा, व्हरमाँटचं प्रमाण ६६.९ ब्रिक्स (म्हणजे साखरेचे टक्के) आहे. पातळ राहिलं तर बुरशी धरतं, जास्त झालं तर बाटलीच्या तळाशी खडे जमतात.

डावाची कडही बघत राहा. आधी थेंब सुटे सुटे पडतात, मग दोन थेंब एकत्र येऊन कडेला रुंद पडद्यासारखे लोंबायला लागतात, तेव्हा तिथून हलू नका. उतरवून गरम गरमच लोकरीच्या फिल्टरमधून गाळा, त्यातला रेतीसारखा गाळ सिरप गार झाल्यावर गाळला जात नाही. बाटल्या १८० फॅरनहाइटच्या वर असताना भरा.

ठिणगी_वेल्डर:
आणि भट्टी बंद करताना, शेवटची लाकडं टाकायची अर्धा तास आधीच थांबवा आणि सगळ्या पॅनमध्ये दोन इंच तरी सॅप असू द्या. जाळ विझला तरी विटांमध्ये धग बराच वेळ राहते, तेवढ्यात कमी सॅपचा पॅन करपतो आणि तळ वाकतो. रात्री बाहेर गोठवणारी थंडी असेल तर तो सॅप तसाच राहू द्यायला हरकत नाही, सकाळी वरचा बर्फाचा थर उचलून फेका, त्यात साखर फार कमी असते, उरलेला सॅप तेवढाच दाट होतो. ऊबदार दिवस लागले तर मात्र ठेवू नका, सॅप दुधासारखा नासतो, त्याच रात्री आटवून टाका.