ढोल-ताशाच्या व्हिडिओत गुलालाचे ठोकळे का दिसतात?

नारायण पेठेतून प्रश्न:
नमस्कार. आमच्या ढोल-ताशा पथकाच्या लक्ष्मी रस्त्यावरील वादनाचा १२ मिनिटांचा व्हिडिओ मी १०८०पी आणि ५० फ्रेम्समध्ये संपादित केला आहे. ५० एमबीपीएस बिटरेटला (म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट माहिती) फाइल सुमारे ४.५ जीबीची झाली, म्हणून बिटरेट ४ वर आणला. फाइल ३६० एमबीवर आली खरी, पण गुलाल उधळतात तिथे चौकोनी ठोकळे दिसू लागले आणि भगव्या ध्वजांच्या कडा विस्कटल्या. याच सेटिंगवर काढलेले एक व्याख्यान मात्र अगदी स्वच्छ दिसते. असे का व्हावे? रिझोल्यूशन कमी केल्यास फाइल लहान होईल का?

कोथरूडहून उत्तर:
फाइलचा आकार बिटरेट आणि कालावधी यांच्या गुणाकारावर ठरतो. रिझोल्यूशनचा त्याच्याशी थेट संबंध नाही. बिटरेट बिटमध्ये आणि फाइल बाइटमध्ये मोजतात, म्हणून आठाने भागायचे: ८ एमबीपीएसला मिनिटामागे ६० एमबी. ७२०पी करून बिटरेट ४ च ठेवलात तर फाइल तेवढीच राहील. फक्त तेच बिट कमी पिक्सेलना वाटले गेल्यामुळे ठोकळे कमी होतील.

व्याख्यान स्वच्छ दिसण्याचे कारण एच.२६४ या कोडेकच्या (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रणालीच्या) पद्धतीत आहे. प्रत्येक फ्रेमचे लहान चौकोन पाडून, मागच्या फ्रेममधला कोणता भाग कुठे सरकला आणि काय बदलले, एवढेच तो प्रामुख्याने नोंदवतो. व्याख्यानात वक्त्याचा चेहरा आणि हात सोडले तर काही हलत नाही. गुलालाचा कण न् कण मात्र दर फ्रेमला नव्या जागी असतो, मागच्या फ्रेमचा उपयोग जवळजवळ होत नाही, आणि बिट अपुरे पडले की बारीक तपशील गळून त्या चौकोनांच्या सीमा उघड्या पडतात. पथकाच्या वादनासाठी १२ एमबीपीएसच्या खाली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १०८०पी आणि ५०-६० फ्रेम्ससाठी यूट्यूबची शिफारसही तेवढीच आहे. फाइल १ जीबीच्या थोडी वर जाईल. व्हीबीआर (गरजेप्रमाणे बदलता बिटरेट), टू-पास (आधी पूर्ण व्हिडिओ तपासून मग दाबणे) निवडा, म्हणजे पथक नुसते उभे असतानाचे वाचलेले बिट गुलालाच्या वेळी वापरले जातील.

हडपसरहून उत्तर:
आकाराचे बंधन नसेल तर हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये बिटरेटऐवजी आरएफ (ठरावीक दर्जा राखण्याचा आकडा) १८ ते २० ठेवून पाहावे. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, आणि तो ६ ने कमी केला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते. एच.२६४ नंतरच्या एच.२६५ या कोडेकला तोच दर्जा बऱ्याच कमी बिटरेटमध्ये साधतो, पण जुन्या टीव्हीवर किंवा संगणकावर तो चालेलच असे नाही. फ्रेम्स ५० च राहू द्याव्यात. ३० केल्यास टिपऱ्यांची हालचाल अडखळत दिसते.

सिंहगड रस्त्यावरून उत्तर:
पथकातील मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण व्हिडिओ म्हणून पाठवल्यास तो पुन्हा दाबला जातो. ५० एमबीपीएसची मूळ प्रत मात्र पुसू नका. आणि पूर्ण १२ मिनिटे एक्स्पोर्ट करण्याआधी गुलालाची २० सेकंदे तेवढी काढून मोठ्या पडद्यावर पाहा.