आईच्या लघवीच्या रिपोर्टात सगळं 'आर' आलं, कोंबड्यांचा संबंध असू शकते काय?

मनीषनगर_वाला:
नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, शुगर आहे. महिनाभरात दुसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन. पहिल्यांदा सिप्रो या अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या, दोन दिवस बरं वाटलं अन् परत थंडीताप, मग डॉक्टरांनी कल्चर करायला लावलं, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून त्याला कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी. रिपोर्टात ई कोलाय नावाचा जंतू, खाली औषधांची लांबलचक यादी आणि एकेकासमोर आर, आर, आर. मी समजलो आर म्हणजे राइट, हेच द्यायचं. (हसू नका.) ते निघालं रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. 'एस', म्हणजे चालणारे, तीन-चारच, त्यातले बहुतेक सुईतूनच द्यायचे. मग डॉक्टर विचारतात, घरी कोंबड्या, गाई वगैरे आहे का. आमच्याकडे नाही, पण मोठ्या काकांचा कळमेश्वरकडे ब्रॉयलरचा शेड आहे, आई दिवाळीपासून तिथंच होती, आणि इथं रविवारी सावजी चिकन झाल्याशिवाय आमचा रविवार होत नाही. बायको म्हणते चिकन बंद. मला एवढंच सांगा, शिजवल्यावर हे जंतू राहतात काय? तर्रीत तर काहीच जगायला नको ना.

फुटाळा_काठचा:
व्हेटर्नरीचं पीजी करून राहिलो, म्हणून लिहितो. आईचं औषध तिचे डॉक्टरच ठरवतील, त्यात मी पडत नाही.
तर्रीत जंतू मरतात. गोम त्याच्या आधी आहे. कच्चं चिकन धुताना शिंतोडे उडतात, त्याच विळीवर मग कोशिंबिरीची काकडी, तोच हात सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीला. दुकानात बघा, लाकडाचा एकच ओंडका, दिवसभर तोच, बाजूला पाण्याची बादली तीच. आणि शेडवर राहणाऱ्याला तर चिकन खायचीही गरज नाही, हात, धूळ, विष्ठा एवढ्यानंही जंतू पोटात जातात. तिथं ते महिनोन् महिने गपचूप राहतात, काही त्रास नाही, आणि एखाद्या दिवशी लघवीच्या मार्गात शिरले की मग तुमच्यासारखा रिपोर्ट येतो. आईच्या बाबतीत असंच झालं असं मात्र कोणी छातीठोक सांगू शकणार नाही.
औषधाचा संबंध असा. कोंबड्यांना एन्रोफ्लॉक्सासिन (एन्रो) नावाचं अँटिबायोटिक देतात, आपली सिप्रो त्याची सख्खी बहीण, प्राण्याच्या अंगात एन्रोचा काही भाग चक्क सिप्रोच होतो. म्हणजे शेडमध्ये एन्रोला सरावलेला जंतू सिप्रोलाही जुमानत नाही. अमेरिकेनं याच कारणानं २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रो बंद केलं. ही गोष्ट जुनी आहे, १९७६ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात अमेरिकेतले संशोधक स्टुअर्ट लेव्ही यांनी एका फार्मवर काही कोंबड्यांना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घातलेलं खाद्य दिलं, आधी कोंबड्यांच्या पोटातले जंतू रेझिस्टंट झाले आणि पाच-सहा महिन्यांत त्या घरच्या माणसांच्याही. घरच्यांनी गोळी एक खाल्ली नव्हती. वर जंतूंकडे प्लाझमिड नावाची डीएनएची छोटी रिंग असते, ती एक जंतू दुसऱ्याला देऊन टाकतो, जातही वेगळी असली तरी चालते. एकाच रिंगवर चार-पाच औषधांचा तोडगा असू शकते, म्हणून तुम्हाला आर ओळीनं दिसले.

काटोल_लाइन:
बाप्पा, सगळे आमच्यावरच येऊन राह्यले. मी कंपनीसोबत करारावर पक्षी पाळतो. पिल्लं त्याईचे, खाद्य त्याईचं, मरतूक झाली की कटिंग माझ्या पैशात. डिसेंबरात रात्री दोन वाजता शेडात गेलं अन् कोपऱ्यातून घरघर ऐकू आली की सकाळपर्यंत थांबायची कोणाची हिंमत होते सांगा. दुकानदार चिठ्ठी मागत नाही, औषधाची बाटली देते, आपण पक्ष्याईच्या पाण्याच्या टाकीत ओततो. चुकते हे मले समजते. पण डॉक्टर बोलावला तर तो येईपर्यंत शंभर पक्षी उलटे. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक तेवढं बंद झालं, तेही सरकारनं २०१९ ले बंदी आणली म्हणून.

फुटाळा_काठचा:
भाऊ, तुमचं खोटं नाही. पण टाकीत ओतलं की आजारी पक्षी पाणीच कमी पिते आणि ठणठणीत पक्षी ढोसते, म्हणजे ज्याला पाहिजे त्याला अर्धवट, नको त्याला पोटभर. जंतूला सराव द्यायचा याहून सोपा मार्ग नाही. कोलिस्टिनचं म्हणाल तर माणसाला बाकी सगळं फेल गेल्यावर ते काढतात, आणि त्याला चकवणारं एमसीआर-१ नावाचं जीन २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि दवाखान्यातल्या पेशंटमध्येही सापडलं, तेही अशाच रिंगवर. बंदी उगाच नाही आली. आणि शेडातलं विष्ठा मिसळलेलं तूस कुठं जाते तुमचं?

काटोल_लाइन:
संत्र्याच्या बागेत. ट्रॅक्टर भरून, ताजंच.

फुटाळा_काठचा:
ताजं नका देऊ. ढीग लावून, ओल ठेवून, पलटून कुजवा. आत तापलं की बरेचसे जंतू मरतात.

इतवारी_मेडिकल:
कोंबड्यांना बोलता बोलता माणसं सुटून राहिली. माझ्या काउंटरवर रोज कोणीतरी 'दोन अजिथ्रो द्या' म्हणते, सर्दीला अँटिबायोटिक. नाही म्हटलं की बाजूच्या दुकानात जाते आणि घेऊनच येते. मनीषनगरवाले, आईची सिप्रो किती दिवस घेतली, आणि चिठ्ठी होती?

मनीषनगर_वाला:
चिठ्ठी मागच्या वर्षीची होती. तीन दिवस घेतली, बरं वाटलं म्हणून उरलेल्या डब्यात ठेवल्या. डबा काकांकडेच आहे, मागच्या आठवड्यात काकूनं त्यातलीच एक घेतली म्हणे.
आईला आता इंजेक्शन सुरू आहे, कालपासून ताप नाही. चिकनसाठी वेगळा पाट आणला. बायको अजूनही नाहीच म्हणून राहिली.