मदत हवी आहे : एल्फांच्या 'अल्दा' शब्दाचा मूळ धातू नक्की कोणता धरायचा?

हरिपूरकर

मंडळी, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किननं कथेतल्या एल्फ लोकांसाठी रचलेल्या भाषांच्या मागे लागलेलं इथे कुणी आहे का? एका शब्दापाशी अडले आहे.

सुट्टीत सांगलीत आमच्या वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांसाठी एक सत्र घ्यायचं आहे. विषय, शब्दांची नाती. हस्त–हत्थ–हात, कर्म–कम्म–काम असं फळ्यावर काढलं की मुलं घड्याळाकडे बघायला लागतात, म्हणून यंदा त्यांच्या आवडत्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधूनच शिरायचं ठरवलंय. एल्फांच्या क्वेन्या आणि सिंदारिन या दोन भाषा एकाच आदिभाषेतून फुटलेल्या, आणि ध्वनिबदलाचे नियम इतके काटेकोर बांधलेले की प्राकृत व्याकरण घासलेल्या माणसाला माहेरी आल्यासारखं वाटावं.

एक साखळी झकास जमली. 'बोलणे'चा धातू क्वेत. क्वेन्यात तो तसाच राहिला. सिंदारिनमध्ये सुरुवातीच्या क्वचा प झाला आणि स्वरानंतरचा त मऊ पडून द झाला, म्हणजे पेद. मोरिया या कथेतल्या भुयारी नगराच्या दारावर 'पेदो' कोरलंय ना, ते हेच : बोल. हा क्व-प प्रकार टॉल्किननं हवेतून काढलेला नाही. सिंदारिनचा नाद वेल्शवरून घेतलाय (क्वेन्याचा बराचसा फिनिशवरून), आणि चारला लॅटिनमध्ये क्वात्तुओर तर वेल्शमध्ये पेद्वार. त्याच्याच शेजारी आपले चत्वारः आणि चार लिहिले की निदान मागच्या बाकावरची तरी मान वर करतील.

अडलंय ते झाडापाशी. झाड क्वेन्यात अल्दा, सिंदारिनमध्ये गलध. १९३७-३८च्या सुमारास त्यानं जो व्युत्पत्तिकोश केला, त्यात दोन्हींचा धातू 'गलद' दिलाय. पण १९१५ साली सुरू केलेल्या पहिल्या शब्दसंग्रहात हाच अल्दा 'अला' या धातूखाली सापडतो, अर्थ 'पसरणे'. तिथे गचा पत्ताच नाही!

आता जुना पुरावा प्रमाण, असं आपण शिकलो. मग मूळ 'अला' धरायचं आणि सिंदारिनमध्ये ग मागाहून चिकटला म्हणायचं? पण कुठल्या नियमानं? तारा म्हणजे एल, डोंगर म्हणजे ओरोद. स्वरानं सुरू होणाऱ्या या शब्दांना तर ग लागलेला नाही. एकट्या झाडालाच का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. तक्ता लवकर छापायला द्यायचाय.

यवतेश्वर

उत्तर माहीत नाही, पण सत्र साताऱ्यातही घ्या. आमचा चिरंजीव खोलीच्या दारावर ती एल्फांची लिपी लिहून ठेवतो. मला वाचता येत नाही, त्यामुळे मजकूर माझ्याबद्दलच असावा असा दाट संशय आहे.

धातुसाधित

ताई, 'जुना पुरावा प्रमाण' इथे लावूच नका, सगळा घोळ त्यानंच होतोय.

या भाषांना दोन इतिहास आहेत. एक कथेच्या आतला : एल्फ जागे झाले, चांदणं बघून 'एले!' उद्गारले, त्यातून ताऱ्याचे शब्द आले, मग टोळ्या फुटल्या आणि भाषा बदलत गेल्या. दुसरा टॉल्किनच्या टेबलावरचा : १९१५ साली तेवीस वर्षांचा पोरगा वहीत शब्द लिहायला बसला आणि पुढं आयुष्यभर खोडत, बदलत राहिला. तुमचा 'अला' टेबलावर आधी आला. पण म्हणून कथेतल्या काळात तो 'गलद'चा पूर्वज होत नाही. पहिल्या आराखड्यातली व्युत्पत्ती त्यानं बाजूला ठेवली, तिच्या जागी नवी आणली, एवढंच. त्याची ही सवयच होती, आवडलेला शब्द सोडायचा नाही आणि कुळ मात्र नवं द्यायचं.

आपलं कराड घ्या. करहाटक, मग कऱ्हाड, मग कराड. यातलं करहाटक हे रूप जुन्या लेखांत आहे, ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही. आपण फक्त शोधायचं. टॉल्किनला मात्र करहाटकच बदलायची मुभा होती, आणि कराड तसंच ठेवून ते कुठून आलं हे तो पुन्हा ठरवू शकत होता.

म्हणून तक्त्यात एकाच टप्प्यावरचे शब्द ठेवा. १९३७-३८चा घेतलात तर ग मूळचाच आहे, चिकटलेला नाही. आदिरूप गलदा (याच्या आधी तारांकन द्या, कल्पित रूपाला देतात तसं). क्वेन्यात मधला अ गळला, सुरुवातीचा ग गेला, उरलं अल्दा. सिंदारिनमध्ये शेवटचा आ गळला आणि स्वरानंतरचा द घासून उच्चारला जाऊ लागला, म्हणून गलध. ग गमावला तो क्वेन्यानं.

एक खाच आहे. त्या कोशात गलधच्या पुढं 'सिंदारिन' असं सापडणार नाही, 'नोल्दोरिन' असेल. सिंदारिन हे नाव आणि तिची नवी कुळकथा नंतरची. मुलांपुढं यात शिरू नका, पण एखादं चौकस निघालंच तर तयारी असू द्या. आणि तो कोश टॉल्किनचा मुलगा ख्रिस्तोफर यानं वडिलांच्या अप्रकाशित लेखनाच्या मालिकेत, १९८७ साली पाचव्या खंडात छापला, त्यात हस्ताक्षर लावताना काही गोष्टी निसटल्या. त्यांची दुरुस्ती-पुरवणी 'विन्यार तेंग्वार' या टॉल्किनच्या भाषांवरच्या नियतकालिकाच्या ४५ आणि ४६ या अंकांत आहे, २००३ आणि २००४ सालच्या. छापण्याआधी प्रत्येक धातू तिथे ताडून बघाच.

हरिपूरकर

आता डोक्यात प्रकाश पडला. मग 'अला' तक्त्यातून काढते, आणि वेळ उरला तर तोंडी सांगते.

अजून एक. गलध म्हटलं की कथेतल्या गलाद्रिएल या एल्फ राणीवरून पहिला हात वर होणार तो 'म्हणजे गलाद्रिएल झाडांची राणी का?' म्हणून. हो म्हणू?

धातुसाधित

अजिबात नाही! तिच्या नावातला गलद हा झाडाचा नव्हेच, त्याचा अर्थ तेज, झळाळी, आणि सिंदारिनमध्येही त्यात साधा द आहे. क्वेन्यात ती अल्तारिएल. तेजस्वी मुकुटमाळ ल्यालेली, असा काहीसा अर्थ. गंमत म्हणजे कथेतल्या लोकांचाही हाच घोटाळा होतो : ती झाडांच्या राज्यात राहते म्हणून जुना इतिहास न जाणणारे तिला गलध्रिएल म्हणायला लागतात. लोकांनी आपल्या समजुतीप्रमाणे नाव वळवून घेणं आपल्याकडे काही कमी नाही, गावागावांत उदाहरणं मिळतील. वेळ असेल तर सत्राची दहा मिनिटं यालाच द्या.

यवतेश्वर

पण द आणि ध इतके वेगळे आहेत तर देवनागरीत 'गलध' लिहून कसं चालेल? पोरं सरळ धनुष्यातला ध म्हणतील.

धातुसाधित

म्हणतील, बरोबर. तो आवाज जिभेचं टोक वरच्या दातांना हलकेच टेकवून, हवा सोडत काढायचा, आपल्याकडे त्याला अक्षर नाही. दखाली नुक्ता (टिंब) देऊन 'गलद़' लिहा आणि एकदा सगळ्यांकडून म्हणवून घ्या. छापखान्यात नुक्ता गाळतात, तेव्हा प्रूफ स्वतः बघा.