पेटीवाला पुण्याला गेला. आता वाद्यांविना समूहगान कसे उभे करावे?

अमळनेरची_मंद्र यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. अमळनेरला आम्ही 14 जण दर रविवारी सकाळी 7 वाजता एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत गाण्यासाठी जमतो. सगळे 21 ते 29 वयाचे आहोत. दोघी शाळेत शिकवतात, एक जण औषधांच्या दुकानात असतो, चौघांचा दिवस स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जातो आणि दोघे घरची शेती सांभाळून पारोळ्याहून मोटारसायकलने येतात. आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने लहानपणी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका किंवा मध्यमा परीक्षेपर्यंत गाणे शिकून दहावीच्या वर्षी ते सोडले. महाविद्यालयात गेल्यावर विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवातील समूहगीताच्या निमित्ताने पुन्हा तोंड उघडले आणि पदवी हातात पडली तसे तेही बंद झाले. नोकरी किंवा नोकरीची वाट पाहणे सुरू झाल्यानंतर चारचौघांत गाण्याची जागाच उरत नाही, म्हणून हा रविवार सुरू केला.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या पेटीवाल्याला पुण्यात नोकरी लागली. त्याच्यामागोमाग पेटीही गेली, कारण ती त्याचीच होती. तबलजी हंगामी आहे. तेव्हा वाद्यांविनाच गावे, ज्याला अकापेला म्हणतात तसे काहीतरी करून पाहावे, असे ठरले. पण तीन ठिकाणी अडलो आहोत. पहिली अडचण अशी की आम्ही गाता गाता खाली घसरतो. गेल्या रविवारी काळी एकमध्ये (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा स्वर 'सा' धरून) सुरू केलेले गाणे संपताच एकाने मोबाइलवरचा तानपुरा लावला, तेव्हा आम्ही तिच्याखालच्या पांढरी एकवर, म्हणजे अर्धा स्वर खाली, येऊन टेकलो होतो आणि वाटेत कुणालाही काही कळले नव्हते. दुसरे म्हणजे मुलांची आणि मुलींची पट्टी जुळत नाही. मुलांना सोयीचे धरले तर मुलींचा आवाज तळाशी गुदमरतो. तिसरे म्हणजे परदेशी गटांसारखे वेगवेगळे स्वर एकाच वेळी गायला गेलो की ऐकणाऱ्याला वाटते, कुणीतरी चुकते आहे. पाश्चात्त्य स्वरलिपी आमच्यापैकी कुणालाही वाचता येत नाही. एका स्थानिक स्पर्धेत तर वाद्ये नाहीत एवढ्याच कारणावरून आमचा अर्ज परत आला, ते वेगळेच. जाणकारांनी सुरुवात कुठून करावी ते सांगावे.

धुळ्याचा_मध्यसप्तक

ताई, मी नोकरीनिमित्त मुंबईत असताना सहा वर्षे एका समूहात गायलो आहे आणि आता धुळ्याला परतलो आहे. अकापेला या इटालियन शब्दप्रयोगाचा मूळ अर्थ 'प्रार्थनामंदिरात गातात तसे' असा आहे. त्याचा उगम युरोपातील चर्चच्या गायनात असला, तरी आपल्याकडच्या चालींवर हा प्रकार बसवणारे गट आता नवीन राहिलेले नाहीत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलांनी 1996 मध्ये पेन मसाला हा गट काढला आणि मुंबईत व्होक्ट्रॉनिका हा गट ढोल-ताशापासून सगळे काही तोंडाने वाजवतो. त्याआधीची समूहगानाची परंपराही आपल्या देशात आहेच. संगीतकार सलील चौधरी यांनी मुंबईत आणि गायिका रुमा गुहा ठाकुरता यांनी 1958 मध्ये कोलकात्यात तरुणांचे गायकवृंद उभे केले. त्यांच्याबरोबर वाद्ये असत, परंतु पुढे एकल गायक आणि मागे साथीला समूह ही मांडणी त्यांनी मोडली आणि तुमच्या कामाची गोष्ट तीच आहे.

आता पट्टीबद्दल. मुलांची सोयीची पट्टी बहुधा काळी एकच्या आसपास असते आणि मुलींची काळी चारच्या. पेटी समोर नसली तरी डोळ्यांसमोर आणा: काळी एकला षड्ज (सा) धरला तर काळी चार हा तिचा पंचम (पा) होतो. म्हणजे ज्याला तुम्ही भांडण समजत आहात, तो मुळात सा आणि पा छेडणारा तानपुरा आहे. काळी एक हाच सगळ्यांचा षड्ज ठरवा. चार मुलांनी खर्जात 'सा' धरावा आणि तीन-चार मुलींनी आपल्या नेहमीच्या षड्जावर, म्हणजेच गटाच्या पंचमावर, आकार लावून उभे राहावे. उरलेल्यांनी त्यावर चाल गावी. लोकगीते बहुतेक वेळा पाच-सहा स्वरांतच फिरतात, त्यामुळे ती मुलांना जड जात नाहीत आणि मुलींनाही फार खाली ओढत नाहीत.

हा माणसांचा तानपुरा जमला की एक चमत्कारिक गोष्ट घडते. सा आणि पा नेमके लागले, तर कुणीही न गायलेला गंधार (ग) ऐकू येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून येणाऱ्या या स्वराला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीचा शुद्ध गंधार याच्यापेक्षा चढा असतो; अर्ध्या स्वराचे 100 भाग केले, तर सुमारे 14 भागांनी. तुमचे कान वर्षानुवर्षे पेटीच्या गंधाराला सरावलेले असल्यामुळे पहिल्या काही रविवारी हा खरा गंधार तुम्हाला उतरलेला वाटेल. वाटू द्या. पेटी गेली याचे मला तरी वाईट वाटत नाही.

घसरण्याची कारणे अगदी साधी असतात. चढताना आपण पायरी आखूड टाकतो आणि उतरताना मोठी ढांग टाकतो. एकच स्वर लागोपाठ चार वेळा आला की चौथा पहिल्यापेक्षा किंचित खाली येतो. आणि श्वास संपत आला की स्वर बसतो. शेवटच्या दोषावर उपाय असा की शेजारचा श्वास घेत असताना आपण तो घ्यायचा नाही. कुणी कुठे श्वास घ्यायचा हे शब्दांवर पेन्सिलीने खुणा करून ठरवून टाका. 14 जणांचा मिळून एकच न तुटणारा श्वास होतो. मोबाइलचा तानपुरा सुरुवातीला लावा, मध्ये अर्धा मिनिट बंद करा, पुन्हा लावा आणि आपण कुठे आहोत ते पाहा. आमच्या समूहात पहिले सहा महिने याहून वेगळे फारसे काही केलेच नाही.

वेगवेगळे स्वर एकत्र गाण्याची सुरुवात मात्र भूप रागातून करा. सा रे ग प ध या पाच स्वरांत अर्ध्या स्वराच्या अंतरावरची एकही जोडी नसल्यामुळे कोणतेही दोन स्वर एकत्र आले तरी ते एकमेकांना टोचत नाहीत. एका गटाने ओळ सुरू करावी, दुसऱ्याने एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, सोडून तीच ओळ उचलावी. स्वरलिपी लागत नाही, कुणाला नवी चाल शिकावी लागत नाही आणि तरीही एका वेळी दोन स्वर ऐकू येतात.

चोपड्याचे_निवृत्त_गानशिक्षक

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे. मात्र, मुलांनो, एक सावधगिरी सुचवतो. आपले संगीत स्वरांच्या क्रमातून उभे राहते. गंधारावरून ऋषभावर (रे) येताना गायक जे करतो, त्यात राग दिसतो. तेथेच खालून दुसऱ्या कुणी निषाद (नी) धरला तर ऐकणाऱ्याचे लक्ष त्या क्रमावरून उडते. तुमच्या श्रोत्यांना 'कुणीतरी चुकते आहे' असे वाटते ते याचमुळे, त्यात त्यांचा दोष नाही. शिवाय सा-पाचा आधार सर्वत्र चालत नाही. मालकंस रागात पंचम वर्ज्य आहे, तेथे मुलींना मध्यमावर (म) उभे करावे लागेल. मारव्यातही पंचम वर्ज्य आहे आणि तो राग षड्जालाही शेवटपर्यंत टाळत फिरतो, तेव्हा तो समूहासाठी तूर्त बाजूलाच ठेवा.

पेटीविषयी मात्र मी धुळ्याच्या गृहस्थांच्या बाजूने आहे. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद केले होते, हे आमच्या पिढीला पाठ आहे. त्या बंदीचे मी समर्थन करत नाही, कारण तिने कित्येक चांगल्या वादकांचे नुकसान केले. परंतु मी शाळेत 31 वर्षे गाणे शिकवले आणि पाहिले ते असे की पेटीच्या मागे लपून गाणारी मुले पेटी थांबवताच चाचपडू लागत. मी दर शुक्रवारी पेटी कपाटात ठेवून कुलूप लावत असे. पालक तक्रार करत, मुले मात्र महिन्याभरात एकमेकांकडे पाहून गाऊ लागत.

अजून एक. संगीतकार वसंत देसाई यांनी शाळकरी मुलांकडून हजारोंच्या संख्येने समूहगाने गाऊन घेतली, ती एका चालीत. 14 तरुण एका स्वरात, एका उच्चारात, एकाच वेळी थांबले, तर तेही थोडेथोडके नव्हे. दुसरा स्वर लावण्याची घाई करू नये.

शहाद्याची_वहिनी

सरांचे 'एका उच्चारात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आमच्या गटात अहिराणी बोलणाऱ्या मुली 'काया', 'डोया' म्हणतात आणि शहरातून आलेल्या 'काळा', 'डोळा'. स्वर अगदी बरोबर लागूनसुद्धा शब्द फाटका ऐकू यायचा आणि दोष कुठे आहे हे आम्हाला तीन आठवडे कळले नाही. शेवटी ठरवले की गाणे अहिराणी असेल तर सगळ्यांनी अहिराणीच उच्चार करायचे, मग घरी कुणी काहीही बोलो.

दुसरे असे की, वाद्यांविना गाणे आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या मुली निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात, तेव्हा कुणाच्या हातात पेटी असते? जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी एकाच खुंट्याला हात लावून ओवी म्हणत. एकीने उचललेली ओळ दुसरी पुढे नेई, म्हणजे श्वास आळीपाळीने घेतला जाई आणि खाली जात्याची घरघर हाच खर्ज. धुळ्याच्या दादांनी पेन्सिलीने ज्या खुणा करायला सांगितल्या, त्या तिथे पिठाच्या मुठीने ठरत. जाते आता लग्नाच्या हळदीपुरते उरले आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या सासूबाईंना आम्ही आमची पेटीची अडचण सांगितली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, 'पेटी नही तं काय व्हयनं? गया शे ना!' (गळा आहे ना!)

तालासाठी दोघांना तोंडाने ठेका धरायला बसवा. दादरा तालाचे 'धा धी ना, धा ती ना' नुसते भरभर म्हटले तर ते पाढ्यासारखे वाटते. 'धा' छातीतून आणि 'ना' दातांवरून काढला, तर तबल्याचा भास होतो. चौथ्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी नसलेली जागा, आहे, तिथे आवाज खरोखरच हलका करा.

भुसावळ_जंक्शन

सगळे ज्ञान मिळाले, एक राहिले. गाताना पंखा आणि ट्यूबलाइट बंद करता का? जुन्या चोकची ट्यूब 100 हर्ट्झवर गुणगुणते, म्हणजे पांढरी पाचच्या अगदी जवळ. काळी एकमध्ये गाणाऱ्यांचा पंचम त्याच्याहून अर्धा स्वर वर असतो. चौदा जण कान लावून गात असतील, तर डोक्यावर गुणगुणणारा तो पंधरावा त्यांना खाली ओढणारच. आमची रेल्वे वसाहतीतली भजनी मंडळी याच कारणाने अंधारात बसते, लोकांना ती भक्ती वाटते.

अमळनेरची_मंद्र

सर्वांचे मनापासून आभार. तीन रविवार झाले, म्हणून काय घडले ते कळवते.

भुसावळच्या दादांचे ऐकून दिवे बंद केले. पंखा बंद केल्यावर मात्र, हा आपला मे महिना, साडेसातलाच अंगाला घामाच्या धारा लागल्या, म्हणून आता सकाळी 6 वाजता बसतो. पारोळ्याचे दोघे पहिल्या दिवशी कुरकुरले, नंतर सर्वांत आधी तेच येऊ लागले.

माणसांचा तानपुरा पहिल्या दिवशी अजिबात जमला नाही. पंचम धरणाऱ्या मुली चाल ऐकता ऐकता चालीबरोबरच निघून जात. मग त्यांना खिडकीकडे तोंड करून उभे केले. दुसऱ्या रविवारी, चाल गाणारे सगळे थांबल्यावर, कुणीही न गायलेला गंधार ऐकू आला. चार जण म्हणाले ऐकू आला, बाकीचे म्हणाले तुम्हाला भास झाला. तिसऱ्या रविवारी कुणी वाद घातला नाही. भूपातली ओळ एक आवर्तन सोडून उचलण्याचा प्रयोग दोन गटांत होतो, तीन गट केले की मोडतो. सरांचे म्हणणे मान्य करून आखाजीचे गाणे मात्र एकाच चालीत ठेवले आहे आणि त्यात आम्ही सगळे 'काया'च म्हणतो.

काल आमच्या पेटीवाल्याने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला आणि गाणे ऐकून पट्टी कोणती ते विचारले. आम्ही काळी एक सांगितले. त्याने पेटीवर काळी एक दाबून पाहिली, मग पांढरी एक दाबली, आणि वैतागून म्हणाला की तुम्ही दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहात, मला साथ करता येणार नाही. म्हणजे घसरण अजून संपलेली नाही. पण या वेळी सगळेच्या सगळे एकत्र घसरले होते, आणि आता तीन गटांचा गुंता कसा सोडवावा एवढे धुळ्याच्या दादांनी सवडीने सांगावे.