साम्यवादाला पायबंद घालण्यासाठी अमेरिका व्हिएतनामपर्यंत का गेली?

सीताबर्डीचा अभ्यासू (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात राहून राज्यसेवेची तयारी करतो. ‘साम्यवादाला पायबंद घालण्यासाठी अमेरिकेने कोरिया व व्हिएतनाममध्ये युद्ध केले’ असे आमच्या पुस्तकात एका वाक्यात उरकलेले आहे. परंतु प्रशांत महासागरापलीकडच्या, भातशेतीवर जगणाऱ्या देशापासून अमेरिकेच्या भूमीला कोणता धोका होता? अभ्यासिकेत वाद झाला तेव्हा एक मित्र म्हणाला की शस्त्रांचे कारखाने चालावेत म्हणून, आणि दुसरा म्हणाला की स्वातंत्र्याच्या तत्त्वासाठी. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. ५८ हजारांहून अधिक सैनिक गमावेपर्यंत एवढे बलाढ्य राष्ट्र थांबत का नाही?

महालातले निवृत्त मास्तर

आपण ‘पायबंद’ हा शब्द एकाच अर्थाने वाचत आहात, म्हणून गोंधळ होतो. १२ मार्च १९४७ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी ग्रीस व तुर्कस्तान यांच्यासाठी ४० कोटी डॉलर मागितले, कारण तो भार यापुढे आपल्याला पेलवत नाही असे ब्रिटनने नुकतेच कळवले होते. मागणी दोन देशांपुरती होती. समर्थनार्थ सांगितलेले तत्त्व मात्र असे होते की ज्यांच्यावर सशस्त्र अल्पसंख्याकांचे किंवा बाहेरचे दडपण येत असेल त्या सर्व स्वतंत्र लोकांना साहाय्य करावे. त्या तत्त्वाला भूगोलाची मर्यादाच राहिली नाही. या धोरणाचे जनक मानले जाणारे अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांच्या मनात मात्र काही मोजकी औद्योगिक केंद्रे रशियाच्या हाती जाऊ नयेत, एवढेच प्रामुख्याने होते.

मग ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाने अणुचाचणी केली, १ ऑक्टोबरला माओंनी बीजिंगमध्ये नव्या प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचे सैन्य दक्षिणेत घुसले. दहा महिन्यांत हे तीन धक्के बसले, आणि त्यानंतर जगातले प्रत्येक ठिकाण सारखेच महत्त्वाचे ठरू लागले. इंडोचायनात, म्हणजे व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया या आपल्या वसाहतींत, लढणाऱ्या फ्रेंचांना मदत देण्याचा निर्णय तर कोरियाच्याही आधी, मे १९५० मध्ये झाला होता. ज्यांच्याविरुद्ध ती मदत होती त्या व्हिएतनामी साम्यवादी नेते हो चि मिन्ह यांनी २ सप्टेंबर १९४५ च्या आपल्या स्वातंत्र्याच्या घोषणेची सुरुवात अमेरिकेच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील वाक्याने केली होती! केनन यांनी स्वतः १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे व्हिएतनाममधील या गुंतवणुकीवर टीका केली.

इतवारीकर

मास्तरांनी इतिहास नेमका सांगितला, पण ‘थांबत का नाही’ याचे उत्तर माझ्या मते ‘पत’ या शब्दात आहे. आमच्या बाजारात एखादा व्यापारी भलत्याच माणसाला जामीन राहतो आणि तो माणूस बुडाला तरी स्वतःच्या खिशातून पैसे भरतो, कारण एकदा शब्द फिरवला तर उद्या त्याची चिठ्ठी कोणी घेणार नाही अशी त्याला भीती असते. पश्चिम बर्लिन, जपान, दक्षिण कोरिया या सर्वांना अमेरिकेने असाच शब्द दिलेला होता. मार्च १९६५ मध्ये संरक्षण खात्यातील जॉन मॅकनॉटन यांनी मंत्री मॅकनमारा यांच्यासाठी एक टिपण लिहिले, ते पुढे १९७१ मध्ये फुटलेल्या गुप्त कागदपत्रांतून लोकांसमोर आले. त्यात युद्धाच्या उद्दिष्टांची वाटणीच केलेली आहे: ७० टक्के अमेरिकेचा मानहानिकारक पराभव टाळण्यासाठी, २० टक्के तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ नये म्हणून आणि १० टक्के तेथील जनतेला अधिक चांगले, मोकळे जीवन मिळावे म्हणून. तुमच्या दुसऱ्या मित्राचे तत्त्व त्या दहात बसते.

यात घरचे राजकारणही मिसळले होते. ‘चीन कोणी घालवला’ या आरोपाने ट्रूमन यांच्या पक्षाला पुरते हैराण केले होते, आणि व्हिएतनाम घालवणारा अध्यक्ष म्हणून आपले नाव लागू नये ही धास्ती त्याच पक्षाचे पुढचे अध्यक्ष जॉन्सन यांना होती. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईचा अधिकार अध्यक्षांना देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला, यावरून विरोध करण्याची हिंमत किती जणांपाशी उरली होती ते दिसते.

वैनगंगाकाठचा

सारा दोष अमेरिकेच्या अहंकारावर टाकणे मला पटत नाही, कारण ही भीती आशियातल्या स्वतंत्र बुद्धीच्या माणसांनाही वाटत होती. आमच्या भंडाऱ्याची पोटनिवडणूक ज्या वर्षी बाबासाहेब हरले त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९५४ रोजी, त्यांनी राज्यसभेत नेहरूंच्या सहअस्तित्वाच्या धोरणावर टीका करताना साम्यवादाला वाटेत येईल ते भस्म करणाऱ्या वणव्याची उपमा दिली होती. एक देश साम्यवादी झाला की शेजारचेही होतील हे सांगणारी अध्यक्ष आयझेनहॉवर यांची एकामागून एक कोसळणाऱ्या सोंगट्यांची उपमा त्याच वर्षीच्या एप्रिलमधली आहे. जंगलाजवळ राहणाऱ्या आम्हा लोकांना वणव्याची अधिक कळते, हे कबूल करतो.

मात्र या युद्धाची झळ आपल्यालाही लागली. १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवण्याची मागणी केली आणि जॉन्सन संतापले. दुष्काळात भारताला मिळणारा अमेरिकन गहू त्या काळात थोडा थोडा, हात राखून सोडला जात होता. आमचे आजोबा रेशनच्या रांगेत उभे राहून त्याच गव्हाला नावे ठेवत, आणि तो आला नाही की अधिक नावे ठेवत.

सीताबर्डीचा अभ्यासू

सर्वांचे आभार. इतवारीकर, एक शंका उरते. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव साम्यवाद्यांच्या हाती पडली, मग ती पत बुडाली का?

इतवारीकर

लाओस आणि कंबोडिया त्याच वर्षी गेले. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया गेले नाहीत, आणि जपाननेही अमेरिकेशी असलेला करार मोडला नाही. त्याहून विचित्र गोष्ट आधीच घडली होती. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन बीजिंगला जाऊन माओंना भेटले, म्हणजे मॅकनॉटन यांच्या हिशेबातले चीनचे २० टक्के तिथेच निकालात निघाले. तरीही त्याच डिसेंबरात उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोईवर अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी बॉम्ब टाकले, आणि जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसला जो शांतता करार झाला त्यातील अटी बहुतांशी ऑक्टोबरमध्ये ठरलेल्याच होत्या. मधल्या तीन महिन्यांत मेलेली माणसे त्या ७० टक्क्यांच्या खात्यावर मांडा.