स्कॉटलंडची लिंक्स मैदानं: चौघे जण, आठ दिवस. बेत जरा तपासून द्या

फुकटचा_मलिगन

मंडळी, नमस्कार.

आम्ही चौघे पंधरा-सोळा वर्षं दर रविवारी सकाळी एकत्र गोल्फ खेळतो आणि दर रविवारी एकदा तरी "एकदा स्कॉटलंडला जायचंच" असं म्हणतो. आमच्यातला एक जण नुकताच निवृत्त झाला. त्याने सरळ तारखाच ठरवून टाकल्या, त्यामुळे आता माघार नाही. पुढच्या जूनमध्ये खेळायला आठ दिवस मिळतील.

हँडिकॅप (खेळात मिळणारी फटक्यांची सूट; आकडा मोठा तितका खेळाडू कच्चा) १४, १९ (हा मी), २२ आणि २८. २८वाल्याचा उजवा गुडघा कुरकुरतो, पण ते तो मान्य करत नाही.

कच्चा बेत असा: रविवारी प्रेस्टविक, सोमवारी ट्रून, मंगळवारी टर्नबेरी. बुधवारी गाडीने वर डॉर्नोकला, गुरुवारी सकाळी डॉर्नोक आणि दुपारी ब्रोरा, शुक्रवारी क्रूडन बे, शनिवारी कार्नूस्टी. शेवटच्या रविवारी सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. आयुष्यभर रविवारी खेळलो, तर शेवटही रविवारी ओल्ड कोर्सवर, अशी त्यामागची भावना.

लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतलं गोल्फ, आम्ही कुणीच कधी खेळलेलं नाही. आमचं मैदान झाडांचं, मऊ गवताचं. चेंडू उंच मारायचा, तो पडला की थांबतो. तिथे काय वेगळं करावं लागेल? बग्गी (मैदानात फिरायची छोटी गाडी) मिळते का? बेत फार धावपळीचा होतोय का? बोचरं बोललात तरी चालेल, पण खरं सांगा.

---

बंकरात_मुक्काम

वाईट बातमी आधी देऊन टाकतो. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. ब्रिटिश ओपनसारख्या मोजक्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी तिथे खेळ नाही. गावातले लोक त्यावर कुत्री फिरवतात, पोरं बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यांत) लोळतात. तुमचा भावपूर्ण शेवट बाद.

दुसरं म्हणजे हा गोल्फचा नाही, गाडी चालवण्याचा बेत आहे. प्रेस्टविकच्या बाजूने डॉर्नोकला जायला पाच तास सहज लागतात, तिथून क्रूडन बेला आणखी साडेतीन. हे हवेत बोलत नाहीये. बारा वर्षांपूर्वी मी सहा दिवसांत सात मैदानं "केली". खेळली नाही, केली. आज त्यातलं काय आठवतं? गाडीचे वायपर आणि पार्किंगमध्ये ओले मोजे पिळणारा आमचा मित्र. एकच मैदान स्वच्छ आठवतं, कारण तिथे बेत फसला.

ते नॉर्थ बेरिक. दुसऱ्या दिवशी आम्हाला किनाऱ्याने पुढे जायचं होतं, पण सकाळी हार आलं. हार म्हणजे समुद्रावरून येणारं गार दाट धुकं. पूर्व किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यातही ते येतं आणि मैल-दोन मैल आत गेलात तर चक्क ऊन असतं. आम्ही तिथेच थांबलो आणि संध्याकाळी ते विरल्यावर त्याच मैदानावर पुन्हा उतरलो.

तिथल्या तेराव्या होलचं नाव पिट. ग्रीनच्या (झेंडा आणि भोक असलेल्या बारीक गवताच्या जागेच्या) अलीकडे कमरेइतकी जुनी दगडी भिंत आडवी गेलेली आहे आणि ग्रीन तिच्या पलीकडच्या खळग्यात. आदल्या दिवशी माझा चेंडू भिंतीवर आपटून माझ्याच डोक्यावरून मागे गेला होता. दुसऱ्या खेपेला मला ठाऊक होतं की पहिला फटका डावीकडे, समुद्राच्या अंगाला ठेवायचा; तिथून ग्रीनकडे बघायचा कोन उघडतो. तसा ठेवला आणि चारात सुटलो. पंधरावा होल रेडान: तिरपं ग्रीन, पुढच्या कोपऱ्यावर खोल बंकर. त्याची नक्कल जगभरच्या मैदानांवर झाली आहे. पहिल्या दिवशी मी झेंड्यावर मारलं आणि बंकरात मुक्काम केला (हे टोपणनाव तिथलंच). दुसऱ्या दिवशी उजवीकडे पाडलं आणि उतार चेंडूला आपसूक झेंड्याकडे घेऊन गेला. पहिल्या दिवशी एकूण १०४ फटके, दुसऱ्या दिवशी ९१. मी एका रात्रीत सुधारलो नव्हतो, जमीन वाचायला लागलो होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मैदानं निम्मी करा आणि निदान एक तरी दोनदा खेळा. दोन ठिकाणी बिऱ्हाड टाका, तीन रात्री नॉर्थ बेरिक आणि पाच रात्री सेंट अँड्र्यूज. एडिनबरोहून नॉर्थ बेरिकला लोकल गाडी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते, स्टेशनापासून मैदान चालत. एखाद्या संध्याकाळी मसलबरा ओल्ड लिंक्सवर नऊ होल खेळा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या पोटात आहे, आणि १६७२ साली तिथे गोल्फ खेळल्याची नोंद आहे. जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्याच्या काठ्या भाड्याने मिळतात, त्या घ्याच.

सेंट अँड्र्यूजहून ईली, क्रेल आणि कार्नूस्टी तिन्ही तासाभराच्या आत. ईलीला पहिल्याच होलला समोर टेकाड येतं आणि पुढचे लोक दिसत नाहीत. म्हणून स्टार्टरच्या (खेळ सुरू करून देणाऱ्या माणसाच्या) खोलीत पाणबुडीचा जुना पेरिस्कोप बसवलाय. त्यातून बघून तो तुम्हाला "मारा" म्हणतो. एवढ्यासाठीसुद्धा जावं.

ओल्ड कोर्सचं आगाऊ आरक्षण आदल्या वर्षीच उरकतं, पण रोजची सोडतही असते. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं द्यायची, दोन ते चार जणांच्या गटाची, निकाल त्याच संध्याकाळी. म्हणजे सोमवारसाठीची सोडत शनिवारी. तुम्ही पाच रात्री तिथेच असाल तर रोज नाव टाकता येईल. तुमच्या मूळ बेतात एकच दिवस होता, तोही बंद! भर हंगामात २०२४ साली तिथली फी ३२० पौंड होती, तेव्हा सोडत लागली तर आनंदासोबत घामही फुटेल. हँडिकॅपचा अधिकृत दाखला चौघांनीही जवळ ठेवा, तोंडी सांगून भागत नाही.

टर्नबेरी, ट्रून, डॉर्नोक वाईट नाहीत. डॉर्नोक तर मला सगळ्यात आवडेल असं वाटतं. "वाटतं" म्हणतोय, कारण तिथे मी खेळलो ते अर्धं झोपेत.

---

स्वयंघोषित_कॅडी

मी खेळत नाही, नवरा खेळतो. मी शेजारून चालते आणि चेंडू शोधते. त्यात मी त्याच्यापेक्षा बरी आहे.

तुमच्यासोबत न खेळणारं कुणी येणार असेल तर बंकरात मुक्काम यांचा बेत जास्त माणुसकीचा आहे. आमच्या सहलीतला सर्वात छान दिवस रविवारचाच होता. ओल्ड कोर्सवर फुकट चालत गेलो, पहिल्यापासून शेवटच्या होलपर्यंत, पिशवी नाही की घाई नाही. स्विल्कन पूल छायाचित्रात मोठा वाटतो. प्रत्यक्षात छोटासा दगडी पूल आहे, आपल्याला हसूच येतं. पण ग्रीन किती अवाढव्य आहेत ते चालल्याशिवाय कळत नाही. सात ग्रीनवर दोन-दोन झेंडे, जाणाऱ्यांचा एक आणि येणाऱ्यांचा एक. दोन्ही होलच्या क्रमांकांची बेरीज कायम अठरा येते. हे मला नवऱ्याने नाही, बाकावर बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं.

शेजारीच "हिमालय" नावाचं नुसतं पटिंगचं (चेंडू जमिनीवरून घरंगळवत भोकात घालायचं) मैदान आहे, नावाप्रमाणेच चढउतारांचं. १८६७ सालचा स्त्रियांचा क्लब ते चालवतो. काही पौंडांत पटर आणि चेंडू मिळतो. तिथे मी नवऱ्याला हरवलं. हे इथे मुद्दाम नोंदवते.

आणखी एक. तिकडे मैदानातून लोक आरपार चालत जातात, समुद्राकडे जायला. कायद्यानेच तशी मुभा आहे. त्यांच्यावर ओरडू नका, ते जाईपर्यंत थांबा. मेच्या सुमारास गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात, वास चक्क खोबऱ्याचा. जूनमध्ये थोडी उरली असतील. वास घ्या, चेंडू आत गेला तर मात्र हात घालू नका. माझ्या मनगटावर अजून वण आहे.

---

सतरावा_होल

आधी गुडघा. बहुतेक जुन्या लिंक्सवर चालायचंच असतं. बग्गी असली तरी अनेक ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, संख्याही थोडी, म्हणून आरक्षण करतानाच विचारा. ढकलायची किंवा बॅटरीवरची ट्रॉली बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळते. ओल्ड कोर्स आणि ईली चालायला त्यातल्या त्यात सोपे. क्रूडन बे वगळलंत तर २८वाल्याचा गुडघा तुम्हाला दुवा देईल. तिथल्या वाळूच्या टेकड्या खरोखरच्या टेकड्या आहेत.

आता खेळ. ही जमीन शेतीला निरुपयोगी होती म्हणून खेळाला उरली. खाली वाळू, पाणी झरझर निचरतं, वर बारीक फेस्क्यू गवत. जमीन टणक. तुमचा उंच फटका ग्रीनवर पडेल आणि मागच्या बाजूला निघून जाईल. म्हणून ग्रीनच्या वीस-तीस यार्ड अलीकडे पाडून घरंगळत जाऊ द्या. ग्रीनबाहेरून सरळ पटर वापरा. लोक हसत नाहीत, तेच करतात. मी पहिले तीन दिवस वेज (चेंडू उंच उडवायची काठी) काढत राहिलो, स्वभाव! चौथ्या दिवशी कॅडीने (काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाने) वेज माझ्या हातातून काढून घेतली.

वारा समोरून असला की जोर लावावासा वाटतो. लावू नका. जोराने मारलेला चेंडू जास्त फिरतो, जास्त उंच जातो आणि वारा त्याला खातो. दोन पायऱ्या लांब पल्ल्याची काठी घ्या, अर्धा स्विंग करा.

तिथले बंकर म्हणजे खड्डे. गवताच्या ढेपा एकावर एक रचून उभी भिंत केलेली असते. भिंतीला चिकटलात तर पुढे मारायचा विचार सोडा; आडवं मारा, मागे मारा, पण एका फटक्यात बाहेर या. १९७८च्या ओपनमध्ये जपानचा नाकाजिमा ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलला दोन फटक्यांत ग्रीनवर होता. पट मारला तो उताराने रोड बंकरमध्ये. बाहेर यायला चार फटके, होलवर एकूण नऊ. उलट २००० साली टायगर वुड्स चारही दिवसांत एकाही बंकरमध्ये गेला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला. तिथे ११२ बंकर आहेत. आपण नाकाजिमाच्या गटातले, हे धरून चाला.

---

फुकटचा_मलिगन

सगळ्यांचे आभार. रविवारचं वाचून घरात जो हशा पिकला तो अजून थांबलेला नाही.

दोन बिऱ्हाडांचा बेत तिघांना पटला. २२वाला रुसलाय. त्याला प्रेस्टविक हवंच आहे, कारण पहिलं ओपन तिथे झालं. शिवाय दोनदा एकाच मैदानावर खेळायला पैसे का घालवायचे, असा त्याचा सवाल आहे.

---

बंकरात_मुक्काम

प्रेस्टविकबद्दल त्याचं चुकत नाही. १८६० साली पहिलं ओपन तिथेच झालं, पहिली बाराही तिथेच. तेव्हा मैदान बारा होलचं होतं. विमान ग्लासगोला उतरवा, पहिली रात्र तिथे काढा आणि सोमवारी रेल्वेने जा. स्टेशन मैदानाला इतकं लागून आहे की पहिल्या होलचं नावच रेल्वे, उजवीकडे घसरलेला चेंडू रुळांवर. सतरावा होल आल्प्स: दुसरा फटका वाळूच्या टेकडीवरून पलीकडे, न दिसणाऱ्या ग्रीनवर. मारायचं, टेकडी चढायची आणि मग कळतं काय झालं ते. त्याच संध्याकाळी एडिनबरोमार्गे नॉर्थ बेरिक. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, जमतं.

एकाच मैदानाला दोनदा पैसे का, याचं उत्तर त्याला तेराव्या होलच्या भिंतीपाशी मिळेल. आधी सांगू नका.

सामानात पावसाचे हातमोजे दोन जोड, चांगला पावसाळी सूट, डोक्याला कानापर्यंत येणारी टोपी. छत्री आणू नका. माझी कार्नूस्टीच्या अठराव्या होलला उलटी होऊन बॅरी बर्नमध्ये गेली. त्याच ओढ्यात १९९९ साली, ओपनच्या वेळी, फ्रेंच खेळाडू व्हॅन द वेल्डे पँट दुमडून उतरला होता, तीन फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या होलवर आलेला माणूस. मी छत्रीसाठी उतरलो नाही.

---

फुकटचा_मलिगन

ठरलं. सोमवारी प्रेस्टविक, मग नॉर्थ बेरिक दोनदा, मसलबरा, ईली, क्रेल, कार्नूस्टी आणि सोडत लागली तर ओल्ड कोर्स. रविवारी चालायला जाऊ. २८वाला म्हणतो, त्याला पेरिस्कोप आणि हिमालय एवढं दाखवलं तरी पुरे. गुडघ्याचं त्याने आज पहिल्यांदाच कबूल केलं.