जुने दोन मोडेम सापडले. ठेवू की टाकू? (आणि त्यानिमित्ताने एक शंका)

कोरी_फ्लॉपी

नमस्कार. जुनी खोकी आवरताना दोन मोडेम हाती लागले. एक बाहेरून जोडायचा: पुढे लाल दिव्यांची रांग, मागे २५ पिनांचं सीरियल पोर्ट. दुसरा कॉम्प्युटरच्या आत बसवायचा, पीसीआय कार्डवाला. दोघांवरही ५६के आणि व्ही.९० (५६के वेगाचं मानक) छापलंय. कार्ड माझ्या लिनक्स मशीनला दिसतं, पण त्याचं पोर्टच तयार होत नाही. बाहेरच्याची केबल नाही, त्यामुळे तो अजून लावून पाहिलेला नाही. यातला कुठला ठेवण्यालायक आहे? टेलिफोन लाइन नसताना दोन मोडेम एकमेकांना जोडून काही करता येतं का?

आणि खरी शंका वेगळीच आहे. माझ्याहून मोठे सगळे सांगतात की जुनं इंटरनेट भारी होतं. वर्णन ऐकलं की मला तर तो छळ वाटतो. चांगलं होतं म्हणजे नेमकं काय चांगलं होतं? "तेव्हा मजा यायची" हे उत्तर नको. वय १९, मला 'तू' म्हटलं तरी चालेल.

पॅकेटलॉस

दोन्ही ई-कचऱ्यात दे. सगळं जुळून आलं तर सेकंदाला पाच केबी. चार मिनिटांचं १२८ केबीपीएसचं गाणं उतरायला बारा-तेरा मिनिटं, आणि मध्येच घरात कोणी त्याच लाइनवरचा फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. भारीबिरी काही नव्हतं, सांगणारे तेव्हा तरुण होते एवढंच.

खटपट्या

पॅकेटलॉस, "पुन्हा पहिल्यापासून" एवढं सोडून बाकी मान्य. झेडमोडेम (मोडेमवरून फाइल पाठवायची पद्धत) १९८६ पासून तुटलेली फाइल अडली तिथून पुढे घेत होतं. एचटीटीपी १.१ (वेबपानं मागवायची पद्धत) मध्येही फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागायची सोय आहे. समोरच्या सर्व्हरवाल्याने ती चालू ठेवली नसेल तर तो त्याचा आळस.

कोरी_फ्लॉपी, बाहेरचा ठेव, कार्ड खुशाल टाक. का, ते जरा ऐसपैस लिहितो, कारण तुझ्या खऱ्या शंकेचं उत्तरही त्यातच आहे.

तुझं कार्ड बहुधा विनमोडेम आहे. मोडेमचं काम आकड्यांचा आवाज करणं आणि आवाजाचे परत आकडे करणं. त्याचं गणित अवघड, म्हणून पूर्वी मोडेममध्येच त्यासाठी वेगळी चिप असायची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कोणीतरी हिशोब केला की ही चिप काढून टाकली आणि तिचं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकललं, तर कार्ड बरंच स्वस्तात बनतं. म्हणजे तुझ्या हातात आहे तो अर्धा मोडेम. उरलेला अर्धा विंडोजच्या त्या काळच्या ड्रायव्हरमध्ये होता, आणि त्या ड्रायव्हरचा सोर्स बाहेर कोणाकडे नाही. काही मोजक्या चिपसेटसाठी लिनक्सवर खटाटोप झाला होता, पण तो जुन्या कर्नलपुरता (लिनक्सच्या गाभ्यापुरता). कार्डातलं सर्किट आजही ठणठणीत असेल, पण त्याच्याशी बोलायचं कसं हे जाणणारा प्रोग्राम गेला म्हणून तेही गेलं.

बाहेरच्या डब्याची गोष्ट नेमकी उलटी. यूएसबी-सीरियल केबल घे, २५ पिनांचं अडॅप्टर लाव, कुठलाही टर्मिनल प्रोग्राम उघड, 'एटी' टाइप करून एंटर दाब. समोरून 'ओके' येईल. ड्रायव्हर लागेल तो केबलला, मोडेमला काहीच लागणार नाही. ही भाषा १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमची. बाकीच्या कंपन्यांनी ती उचलली आणि ती इतकी पसरली की आजचे मोबाइल मोडेमसुद्धा एटी कमांड ओळखतात. त्यात कारागिरीही आहे. 'ए' या अक्षराच्या बिट्सवरून मोडेम ताडतो की तू कुठल्या वेगाने बोलते आहेस, मागून 'टी' आलं की पॅरिटीही (चूक तपासायच्या बिटची पद्धत) कळते. म्हणून वेग आधी जुळवून ठेवावा लागत नाही. असल्या गोष्टींवर माझा जीव आहे. मोडेमच्या त्या किंकाळ्यांवर मात्र अजिबात नाही. लोक त्याची रिंगटोन का ठेवतात देव जाणे. स्पीकर चालू असायचा तो नंबर एंगेज आहे की पलीकडे भलत्याच माणसाने उचललाय हे कळावं म्हणून. मी पहिल्याच दिवशी बंद केला होता. त्यालाही एटी कमांड आहेच.

(अवांतर: कमांड द्यायला चालू कॉलमधून बाहेर यायचं, तर तीन अधिक चिन्हं पाठवायची आणि त्यांच्या आगेमागे सेकंदभर गप्प राहायचं. त्या गप्प राहण्यावर हेजचं पेटंट होतं. पैसे वाचवायला काही कंपन्यांनी गप्प राहण्याची अटच काढून टाकली. मग टारगट पोरं अशा मोडेमवाल्याला एक पिंग (उत्तर मागणारा छोटासा निरोप) पाठवायची, ज्याच्या पोटात तीन अधिक चिन्हं आणि फोन ठेवायची कमांड भरलेली. बिचाऱ्याचा कॉम्प्युटर शिस्तीत तेच उत्तर परत पाठवायचा, आणि स्वतःच्याच मोडेमला फोन ठेवायला सांगायचा.)

आता जुनं इंटरनेट. माझ्या मते त्यात चांगलं होतं ते एवढंच की ते या बाहेरच्या डब्यासारखं होतं. दोन टोकांनी आपापसात कसं बोलायचं ते उघड लिहिलेलं होतं, आणि माझ्या टोकाला बसलेला प्रोग्राम माझा होता. मेल पीओपी३ ने (सर्व्हरवरून मेल उतरवायच्या पद्धतीने) यायची. ती कुठल्या प्रोग्राममध्ये वाचायची, कुठे साठवायची, कशी लावायची हे मी ठरवायचो. मेल देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा. यूजनेटवर (विषयवार गटांत निरोप टाकायची जाळी) तर न्यूजरीडरांची (ते गट वाचायच्या प्रोग्रामांची) रेलचेल. एखादा माणूस डोक्यात गेला की त्याचं नाव किलफाइलमध्ये टाकायचं. त्याला कळत नाही, तक्रार नाही, परवानगी नाही, आपल्या पडद्यावर तो दिसायचा थांबतो. ब्राउझरमध्ये चित्रं बंद ठेवायचो. ऑपेरा ब्राउझरमध्ये तर एका कळीने चालू-बंद व्हायची. पान लिहिणाऱ्याने फक्त सुचवायचं, दाखवायचं कसं ते माझ्या बाजूला ठरायचं. एचटीएमएलचा (पानं लिहायच्या भाषेचा) मूळ बेतच तो होता.

आज मजकूर पोचवणारा आणि दाखवणारा एकच. अॅपने एके दिवशी ठरवलं की तारखेच्या क्रमाने काही दाखवायचं नाही, तर बदलायला दुसरा न्यूजरीडर नाही. आपण सगळे पीसीआय कार्ड झालोय.

म्हणून जिओसिटीजच्या (फुकट वेबपानं ठेवायच्या जागेच्या) आठवणींनी गहिवरणारे मला कळत नाहीत. लुकलुकणारी अक्षरं, 'काम चालू आहे'चे बोर्ड, पाहुण्यांची वही, ठीक आहे, हौस होती. पण ती सगळी घरं एकाच मालकाच्या जागेवर उभी होती. १९९९ मध्ये याहूने ती जागा घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. हौशी मंडळींनी धावपळ करून जमेल तेवढी पानं उतरवून ठेवली म्हणून आज काही दिसतात तरी. याउलट आयआरसी (लिहून गप्पा मारायची उघड पद्धत) १९८८ चं आहे आणि अजून चालतं. त्या काळच्या साध्या क्लाएंटने आजही कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन बसता येतं. कौतुक करायचं तर याचं करा.

वस्तू घेतानाही मी हाच निकष लावतो. गाणी वाजवायचं यंत्र केबल लावल्यावर साध्या डिस्कसारखं दिसतं का, की त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरशिवाय गाणी भरता येत नाहीत? प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट (छपाईची उघड भाषा) कळतं का? कळत असेल तर तो पंचवीस वर्षांचा झाला तरी छापेल. माउसची बटणं बदलायला खातं उघडा म्हणणारी कंपनी असेल तर तो माउस फुकट मिळाला तरी नको. आवाज, रंग, वजन यांच्या तुलना लोक तासन्‌तास वाचतात. कंपनी बुडाल्यावर वस्तूचं काय होणार, हे कुठल्याच परीक्षणात नसतं.

पॅकेटलॉस

पीसीआय कार्ड झालोय 😂 +१

स्पष्टवक्ती

खटपट्या, लिहिलंय झकास, पण तुम्ही फक्त तुमच्या टोकाचं बघताय. मी बरीच वर्षं मेल सर्व्हर सांभाळले. त्या उघड कराराची दुसरी बाजू आमच्या वाट्याला यायची.

एसएमटीपीचा (मेल पाठवायच्या पद्धतीचा) १९८२ चा मसुदा जेमतेम एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांसाठी होता. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तपासणारं कोणी नाही. वर कित्येक सर्व्हर कुणाचीही मेल कुणालाही पोचवायचे, कारण ते सभ्यपणाचं समजलं जायचं. एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात हजारो यूजनेट गटांवर टाकली, त्यानंतर सभ्यपणाचा निकाल लागला. पीओपी३ म्हणताय, त्याचा पासवर्ड तारेतून उघडा जायचा. फाइली पाठवायच्या एफटीपीचा, दूरच्या कॉम्प्युटरवर काम करायच्या टेलनेटचाही. मधल्या कुठल्याही यंत्रावर बसलेल्याने वाचून घ्यावा.

'ब्राउझर माझा' हेही फार काळ टिकलं नाही. अॅक्टिव्हएक्स (मायक्रोसॉफ्टची, पानात प्रोग्राम घालायची सोय) घातलेल्या साइट इंटरनेट एक्सप्लोररशिवाय उघडायच्याच नाहीत.

आणि किलफाइल. ज्याला रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना ओळखायचं सूत्र) लिहिता येतं, त्याच्यासाठी छान. ज्यांना येत नव्हतं, ज्यांना रोज शंभर घाणेरडे निरोप यायचे, त्या बायका निघून गेल्या. तुमच्या पडद्यावरून तो माणूस गेला, त्यांच्या पडद्यावर होताच. प्रत्येकाने आपलं अंगण आपण झाडावं, ही व्यवस्था झाडू असलेल्यांना सोयीची.

खटपट्या

स्पष्टवक्ती, अंगणाचा मुद्दा बिनतोड आहे. सर्वांसाठी मिळून झाडणारं कोणी हवंच. माझं भांडण एवढंच की झाडणारा बदलायची सोय हवी. मेलमध्ये ती आजही आहे. फिल्टर आवडला नाही तर आपलं डोमेन उचलून दुसरीकडे जाता येतं आणि पत्ता तोच राहतो.

बाकी एसएमटीपीचं म्हणाल, तर तुमच्याच लोकांनी ते दुरुस्त केलं ना? खरा पाठवणारा तपासायला एसपीएफ आलं, डीकेआयएम आलं, तारेवर टीएलएस (मजकूर गुप्त ठेवणारं आवरण) चढलं. हे सगळं चालत्या गाडीत झालं, आणि त्यासाठी जगाला नवा पत्ता घ्यावा लागला नाही. उघड करार खराब असला तरी त्याला ठिगळ लावता येतं. आता गूगल टॉक बघा. २००५ मध्ये एक्सएमपीपीवर (गप्पांच्या उघड करारावर) आलं, २००६ पासून दुसऱ्यांच्या सर्व्हरशीही बोलायचं. म्हणजे मी माझ्या सर्व्हरवरून त्यांच्या माणसाशी गप्पा मारायच्या. २०१३ मध्ये हँगाउट्स आलं, त्यात ही जोडणी नव्हती. तिथे ठिगळ कुठे लावणार?

अॅक्टिव्हएक्सबद्दल काही बोलत नाही. त्याच्या बाजूने बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

स्पष्टवक्ती

"चालत्या गाडीत" हे दोन शब्द लिहायला तुम्हाला किती सोपे गेले! एसपीएफ लावलं आणि मेल पुढे ढकलणाऱ्यांच्या मेल अडकायला लागल्या, त्या रात्री तुम्ही आमच्याकडे यायला हवं होतंत. पण पत्ता तोच राहतो हे खरं. माझा अजून तोच आहे.

कोरी_फ्लॉपी

बापरे, मोडेमवरून कुठे पोचलात. मला पटलं आणि थोडं नाहीही पटलं, पण निदान उत्तर तरी मिळालं. माझे सगळे मेसेज एकाच अॅपमध्ये आहेत आणि ते बाहेर कसे काढायचे हे काल रात्री शोधायला बसले. निघतात, पण ज्या रूपात निघतात ते दुसरं कुठलंच अॅप आत घेत नाही.

केबल मागवली आहे. दोन शंका राहिल्या. मोडेमसोबत अडॅप्टर नाही. माझ्याकडे ९ व्होल्टचा एक पडून आहे, पिन बसते. लावू का? आणि दुसरा बाहेरचा मोडेम मिळवला तर दोघांत ५६के मिळेल का?

खटपट्या

थांब, लावू नकोस! आधी मोडेमच्या बुडाशी काय छापलंय ते वाच. त्या काळच्या बऱ्याच बाहेरच्या मोडेमना एसी बाहेर देणारा अडॅप्टर लागतो. म्हणजे आत नुसता ट्रान्सफॉर्मर, डीसी करायचं काम मोडेमच्या पोटात. व्होल्टच्या आकड्यापुढे 'एसी' किंवा नागमोडी रेघ असेल तर डीसीवाला चालणार नाही. सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असेल तर डीसी. मग मधली पिन अधिक की उणे तेही बघ. पिन बसते याला काही अर्थ नाही.

५६के दोघांत मिळणार नाही, फार तर ३३.६के. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, प्रत्येकी ८ बिटांचे, म्हणजे ६४ हजार बिट. त्यातले ७ बिट भरवशाचे धरले की ५६ हजार. पण ते साधतं केव्हा, तर पलीकडचा इंटरनेटवाला थेट डिजिटल तारेने एक्स्चेंजला जोडलेला असतो तेव्हा. तसं असलं की आकड्यांचा आवाज वाटेत एकदाच होतो. तोही फक्त उतरवताना, चढवताना व्ही.९० मध्येही ३३.६च. तुझे दोन्ही मोडेम आवाजच काढणारे, म्हणून व्ही.३४ वर (३३.६के वेगाच्या मानकावर) येऊन थांबतील.

जोडायचं असं: दोघांची लाइनची भोकं साध्या फोनच्या वायरने जोड. एकावर 'एटीएक्स३' दे, म्हणजे तो डायल टोनची वाट बघत बसणार नाही. मग त्यावर 'एटीडी', आणि लगेच दुसऱ्यावर 'एटीए'. काही मोडेमना लाइनवर थोडा डीसी प्रवाह लागतो, त्याशिवाय ते ढिम्म राहतात. तसं झालं तर इथे मॉडेल नंबर टाक, मग बॅटरी आणि रेझिस्टर कुठे घालायचा ते सांगतो. अंदाजाने घालू नकोस.